कोपऱ्यातली काठी

सित्से होखलांडला सायकल चालवता येत नव्हती. वय सदुसष्ट, जन्म हॉलंडच्या फ्रिसलंडमधला, आणि सायकल येत नाही! आमच्याकडे पोर चालायला लागलं की दुसऱ्या महिन्यात सायकलवर बसतं, आणि म्हाताऱ्या बाया गुडघे बदलून घेतात त्या सायकलीसाठीच. त्यामुळे ही गोष्ट त्याने जन्मभर पोटात ठेवली होती. लहानपणी दम्याचं निमित्त होतं. पुढे एकेचाळीस वर्षं त्याने बस चालवली, आणि बस चालवणाऱ्याला सायकलीचं कोण विचारतो? माहीत होतं फक्त त्याच्या बायकोला, हिस्काला. तिनेही कुठे तोंड उघडलं नाही, कारण त्यात तिचीही शोभाच होती.

जानेवारीत तो निवृत्त झाला. डेपोत केक कापला, भाषणं झाली, आणि शेवटी दुर्कने पडद्याआडून लाल फीत बांधलेली कोरी करकरीत सायकल ढकलत आणली. हा दुर्क त्याच्याच गावचा, त्याच्याच डेपोतला, आणि वर गावाचा बर्फपंच. थंडीत कालवा गोठला की भोक पाडून बर्फाची जाडी मोजायची आणि स्केटिंगच्या शर्यतीला हो की नाही ते सांगायचं, हे काम त्याचं. सोळा वर्षांत तो एकदाही हो म्हणाला नव्हता. "दोन बोटं कमी पडतंय," असं म्हणून मान हलवायचा, आणि लोक स्केट परत माळ्यावर टाकायचे.

"जूनचा दुसरा शनिवार!" दुर्क ओरडला. "निवृत्त ड्रायव्हरांची सायकल सहल. पस्तीस किलोमीटर. आता ड्यूटीचं कारण नाही चालायचं, सित्से! सुटलास काय लेका?"

सित्सेच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांना वाटलं, प्रेमाने आलं. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

"परत देऊन टाक," घरी आल्यावर हिस्का म्हणाली.

"काय सांगून?"

"खरं सांगून."

"त्यापेक्षा मी मेलेला बरा."

"मेलास तरी काढतील सहल. तुझ्या नावाने काढतील आणि मलाच पुढे घालतील. त्यापेक्षा शीक की! मी शिकवते. चांगले चार-पाच महिने आहेत."

शिकायचं ठरलं, पण शिकायचं कुठे? आमचा मुलुख असा सपाट, की माणूस रस्त्यावर पडला तर पुढच्या गावातून दिसतो. पहाटे जावं तर दूध काढायला लोक चारलाच उठलेले. राहता राहिली घरामागची बाग. तीस पावलं लांब हिरवळ, तिच्या टोकाला पाण्याचा चर, आणि चरापलीकडे वीत्स्केबाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी. खिडकीला पडदा नाही. आमच्याकडे नसतोच, पण वीत्स्केबाई त्या नसण्याचा पुरेपूर उपयोग करत. सित्सेकडे बटाटे सोलले की उकडले हे त्यांना सित्सेच्या आधी कळायचं.

"कुंपण हवं," सित्से म्हणाला. "हिरवं, दाट आणि डोक्याच्या वर."

रोपवाटिकेत तयार उंचीचं कुंपण होतं. त्याची किंमत ऐकून सित्सेने टोपी काढली आणि परत घातली. स्वस्तातली रोपंही होती, पण ती गुडघ्याएवढी.

"चार वर्षांत डोक्यावर जाईल," रोपवाटिकेवाला म्हणाला.

"मला मे महिन्यात हवंय."

"मग भिंत बांधा की, काका."

उपाय निघाला तो फुकटातला. दर हिवाळ्यात गावातली हौशी मंडळी शनिवारी कालव्याकाठच्या वाळुंजाच्या झाडांचे शेंडे छाटतात आणि फांद्यांचे ढीग कोणी नेईल तर बरं म्हणून वाट बघत बसतात. वाळुंजाची काठी म्हणजे अशी, की ओल्या जमिनीत खुपसली आणि तिला पाणी पाजलं की ती पाला फोडते. सित्से तीन शनिवार छाटणीला गेला, चमचा उभा राहील असं वाटाण्याचं घट्ट सूप प्याला आणि दीडशे काठ्या घेऊन घरी आला. फेब्रुवारी सरता सरता पहारीने हातभर खोल भोकं पाडून, काठ्या तिरप्या आडव्या एकमेकींत विणून, सुतळीने बांधून त्याने चराच्या काठाने अख्खी रांग उभी केली. दोन पुरुष उंच! खर्च काय, तर सुतळीचे दोन गुंडे आणि कंबर. शेंडे एका उंचीत कापत तो कोपऱ्यापर्यंत आला, तेव्हा कंबरेने अगदीच हात टेकले. शेवटची काठी राहिली ती राहिलीच.

"सित्से, कोपऱ्यातली ती एक लांब राहिली रे!" पलीकडून वीत्स्केबाई ओरडल्या. "पाण्यावर झुकलीय बघ. छाट तेवढी!"

"उद्या छाटतो."

"आणि हे सगळं कशाला म्हणते मी?"

"वाऱ्याला अडोसा."

"वारा तर उलट्या बाजूने येतो."

"इकडूनही येईल," सित्से म्हणाला आणि आत गेला.

एप्रिलमध्ये काठ्यांनी पाला धरला. मेच्या पहिल्या आठवड्यात खिडकी दिसेनाशी झाली, आणि सित्से सायकलवर चढला. चढला म्हणजे डावीकडून चढला आणि उजवीकडे उतरला, तोही आडवा. दुसऱ्यांदा हिस्काने सीट धरली.

"पुढे बघ!"

"पुढेच बघतोय!"

"चाकाकडे बघतोयस! बस चालवताना चाकाकडे बघायचास का?"

"बस उभी राहायची गं आपली आपण!"

पाच दिवसांत तो अकरा वेळा पडला. पण पडताना कोणी बघत नव्हतं, आणि पडायला त्याची ना नव्हतीच. सहाव्या दिवशी हात सोडल्यावर तो चक्क सात पावलं गेला. त्याच दुपारी फाटकाशी पाणीखात्याचा माणूस येऊन उभा राहिला. नाव यारिख, हातात कागद.

"होखलांडसाहेब, चराच्या काठाला काही लावता येत नाही. गाळ काढायचं यंत्र जातं तिथून. एक जूनच्या आत हे काढायचं."

"एक जून? अहो, मला जूनच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत तरी द्या!"

"का बरं?"

चार महिने वाया गेले, आता दुर्कला फोन करून खरं काय ते सांगायचं, अशी सित्सेने मनाची तयारीही करून टाकली. इतक्यात यारिख कोपऱ्याकडे बघता बघता थबकला. त्याने खिशातून दुर्बीण काढली, आणि मग हळूच टोपीही काढली.

"पिशवीचिमणी!" तो कुजबुजला.

कोपऱ्यातल्या त्या न छाटलेल्या काठीच्या शेंड्याला, पाण्याच्या बरोबर वर, वाळुंजाच्या कापसाची विणलेली मऊ पिशवी लोंबत होती. अंगठ्याएवढा पक्षी तिच्यात शिरत होता, बाहेर येत होता. डोळ्यांवर चोरासारखी काळी पट्टी.

"उभ्या जिल्ह्यात गेली कित्येक वर्षं हिचं घरटं नाही सापडलेलं," यारिख म्हणाला. त्याने कागदाची घडी घालून खिशात टाकली. "पिल्लं उडेपर्यंत ह्या कुंपणाच्या पानाला हात लावायचा नाही. हा पण कायदाच आहे."

सित्सेला त्या पक्ष्याला मिठी मारावीशी वाटली. "कोणाला सांगू नका हं," तो म्हणाला.

"छे, छे! दोनच मित्रांना सांगेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाबाहेर एकोणीस माणसं होती. दुपारी चाळीस झाली. रविवारी रस्त्यावर गाड्या लावायला जागा उरली नाही. सगळ्यांच्या अंगात हिरवी जाकिटं आणि खांद्यावर तिकाटण्यांवरच्या दुर्बिणी. चरापलीकडून बघावं तर ऊन डोळ्यांवर येत होतं, त्यामुळे घरटं नीट दिसायचं ते सित्सेच्या बागेतूनच. हिस्काला कोणाला नाही म्हणता येत नाही. तिने फाटक उघडलं, आणि वर कॉफी ठेवली.

"हिस्का, अगं काय केलंस हे! कुंपण बाहेरच्यांसाठी होतं, आणि तू बाहेरच्यांना आत घेतलंस!"

"लांबून आलेत रे बिचारे. एक तर बेल्जियमहून आलाय."

वीत्स्केबाईही आल्या. तीस वर्षं पलीकडून बघत होत्या, आता घडीची खुर्ची घेऊन थेट आतच.

सित्से तीन दिवस घरात धुमसत बसला. कुंपण काढता येईना, माणसं हाकलता येईनात, आणि तारीख तर पुढे सरकत होती. पक्षी गेला तर कुंपण जाणार, आणि पक्षी राहिला तर ही जत्रा राहणार. चौथ्या दिवशी खिडकीतून बघता बघता त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. साठ माणसं, पण साठांचीही तोंडं कोपऱ्याकडे. हिरवळीकडे नुसत्या पाठी होत्या. आयुष्यभर त्याच्या पाठीमागे माणसं बसली होती, आणि त्यांनी त्याच्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ही माणसं तरी काय वेगळी होती?

तो सायकल घेऊन बाहेर आला. कोणी वळलं नाही. तो चढला. कोणी वळलं नाही. तो दाणकन पडला.

"श्श!" साठ माणसं एकदम म्हणाली, कोपऱ्यावरची नजर न काढता.

झालं! सित्सेची भीड चेपली. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास तो त्या पाठींमागून येरझाऱ्या घालू लागला. एकदा तोल जाऊन तो थेट एका दुर्बिणीच्या तिकाटण्यावर गेला, तर त्या गृहस्थाने डोळा न काढता म्हटलं, "जरा डावीकडे सरका हो, मादी बाहेर येतेय." एकदा हिस्का जोरात "ब्रेक, ब्रेक!" ओरडली, तर तिलाही श्श झालं. जून उजाडेपर्यंत तो वळायला शिकला. थांबणं मात्र अजून जमत नव्हतं. थांबायचं म्हणजे पाय सोडून द्यायचे आणि पुढे जे येईल त्याला धरायचं.

"उलटं पायडल मार," एक दिवस वीत्स्केबाई म्हणाल्या. खुर्चीत बसल्या बसल्या, कोपऱ्याकडे बघत, अगदी हळू. "पाय काय टेकतोस दर वेळी? उलटं मारलं की थांबते ती."

सित्से त्यांच्याकडे वळला. "तुम्ही… कधीपासून…"

"मला काही दिसत नाही बाई. मी पक्षी बघतेय."

आणि त्या खरंच कोणाला काही बोलल्या नाहीत. सित्सेला ह्या गोष्टीचं सायकल शिकण्यापेक्षाही जास्त नवल वाटलं.

दुसऱ्या शनिवारी सहल झाली. पस्तीस किलोमीटर, अकरा निवृत्त ड्रायव्हर, समोरून वारा. सित्से एकदाच पडला, तेही कॉफीच्या थांब्यावर, जिथे आणखी दोघं त्याच्या आधी पडले होते. दुर्क अर्धा रस्ता त्याच्या बाजूने चालवत होता आणि सारखा त्याच्या सायकलीकडे बघत होता. "छान चालवतोस," एवढंच म्हणाला. घरी येऊन सित्सेने हिस्काला उचललं. दोघांचेही डोळे भरून आले होते.

जूनअखेर पिल्लं उडाली. हिरवी जाकिटं गेली. हिरवळीचा पार चिखल झाला होता. नोव्हेंबरात पाणीखात्याचा कागद परत आला, आणि सित्सेने काही कुरकूर न करता कुंपण कापायला घेतलं. आता त्याला अडोसा नकोच होता. काठ्यांचे भारे बांधून तो फाटकाशी ठेवत होता, तेव्हा दुर्क आला.

"जाळणार काय रे ह्या?"

"बघतो. का?"

दुर्कने एक काठी उचलली, वाकवून पाहिली. "ह्या लावल्या, की आतलं दिसेनासं व्हायला किती दिवस लागतात?"

"फेब्रुवारीत लाव. मेमध्ये काही दिसत नाही. पण तुला कशाला?"

"वाऱ्याला अडोसा."

सित्सेने हातातला भारा खाली ठेवला. दुर्क बुटांकडे बघत राहिला.

"हे बघ सित्से," तो शेवटी म्हणाला, "जानेवारीत दिलेली कोरी सायकल जूनमध्ये दोन्ही बाजूंनी चेपलेली, साखळीत हिरवळ अडकलेली. ज्याला येतं तो दोन्ही बाजूंना पडत नाही. मला तेव्हाच कळलं. कोणाला बोललो का मी?"

"नाही."

"मग तूही बोलू नकोस. चाकांचे स्केट मागवलेत मी. मागच्या अंगणात फरशी आहे. उन्हाळ्यात त्यांच्यावर शिकून घेतो म्हणतो."

सोळा हिवाळे सित्सेच्या डोळ्यांपुढून गेले. ते भोक, ती मोजपट्टी, ती हलणारी मान.

"दुर्क! अरे, म्हणजे ती दोन बोटं…"

"शर्यत ठरली की पहिली फेरी बर्फपंचाने मारायची असते ना," दुर्क कसाबसा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

सित्से हसला नाही. त्याने सगळे भारे ढकलगाडीत चढवले, वर पहार ठेवली, सुतळीचा उरलेला गुंडा ठेवला, आणि गाडीचा एक दांडा स्वतः धरला.

"हातभर खोल खुपस. पहिला उन्हाळा रोज पाणी घाल," तो म्हणाला. "आणि काय वाटेल ते कर, कंबर मोडली तरी चालेल, पण कोपऱ्यातली काठी तेवढी छाट."