नानांचे रिफ्लेक्टर

आमच्या शेजारचे नाना ठाकूर हळदीला जातात ते जेवायला नाही, उष्ट्या पत्रावळ्या गोळा करायला. उरणकडच्या हळदी कशा असतात ते तुम्ही ऐकून असाल. डीजे छातीत घुमत असतो, मंडळी मटणावर तुटून पडलेली असतात, आणि नाना हात धुण्याच्या पिंपाशी उभे राहून येईल त्याला बजावत असतात, "दुमडू नको रं, चांदी मोडंल!" चांदी म्हणजे कागदी पत्रावळीवरचा तो चकचकीत थर. त्या पत्रावळ्या घरी न्यायच्या, धुवायच्या, वाळवायच्या आणि कात्रीनं त्यांच्या पट्ट्या कापायच्या. एकदा नवरदेवाच्या बापानं भरल्या मांडवात त्यांना डबा भरून जेवण देऊ केलं होतं. नानांनी डबा परत केला आणि झाकणाखालचा चांदीचा कागद तेवढा ठेवून घेतला.

हे सगळं जातं त्यांच्या घरातल्या माशांच्या टाकीच्या झाकणात. झाकणाला आतून दिवा असतो. त्याचा निम्मा उजेड वरच्या वर झाकणातच जिरतो. तो खाली पाण्यात परतवायचा तर दिव्यामागे काहीतरी चकचकीत लावावं लागतं. त्याला रिफ्लेक्टर म्हणतात आणि तो दुकानात आयता मिळतो. नानांनी पनवेलहून आणलाही होता. पण आमचं गाव खाडीच्या काठावर. इथल्या हवेत खिडकीचे गज टिकत नाहीत, तिथे तो पातळ पत्रा कुठला टिकणार? थोड्याच दिवसांत त्यावर काळे डाग पडले. तेव्हापासून नाना स्वतः रिफ्लेक्टर बनवतात.

त्यामुळे गावातलं चकचकीत काहीही त्यांच्या तावडीतून सुटत नाही. वेफर्सच्या पाकिटाची आतली बाजू, भंगारातल्या ट्रेलरच्या हेडलाइटची वाटी, बायकोच्या माहेरून आलेल्या परातीचा तळ. एका तेराव्याला सगळे फोटोपुढे हात जोडून उभे होते आणि नाना फोटोपुढचं ताट उचलून उन्हाकडे धरून बघत होते. "उजेड वाया जातोय" हे त्यांचं पालुपद. रस्त्यावरचा दिवा, मोटारसायकलचा आरसा, आमच्या सरपंचांचं टक्कल, कशाकडेही बघून ते हेच म्हणतात.

माझा बाजारात फोटो स्टुडिओ आहे. साहजिकच नानांचा माझ्यावर फार लोभ. एकदा माझी चंदेरी छत्री त्यांच्या नजरेला पडली. तिच्यावर फ्लॅश मारला की नवरीच्या चेहऱ्यावर मऊ उजेड पडतो. नाना तिच्याभोवती दोनतीन फेऱ्या मारून म्हणाले, "फोटोवाल्या, ही छत्री तुला कशाला रं? नवरीला काय पाऊस लागतो?" मी चहा सांगायला बाहेर गेलो. परत येतो तो छत्रीची एक पाकळी कापलेली आणि नाना पसार. संध्याकाळी मी तणतणत त्यांच्या घरी गेलो, तर पाकळी झाकणात चिकटवून झाली होती. "तुझ्या नवऱ्या तशाबी पावडर फासूनच येतात," ते शांतपणे म्हणाले. "त्यांना उजेडाची काय गरज?"

गाव हसतं. आमच्याकडे मासा म्हटला की कालवण. जो ताटात यायचा नाही त्याची एवढी बडदास्त म्हणजे चेष्टेला आयतंच निमित्त. "नाना, कवा तलायचा तुमचा मासा?" असं पोराटोरांनीही विचारावं.

मला हसता येत नाही, कारण त्या उजेडाची गरज कुणाला आहे ते मला माहीत आहे. वत्सलाकाकींची, म्हणजे नानांच्या बायकोची, नजर चालली आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेली ती परत येणार नाही, राहिली ती किती टिकेल सांगता येत नाही. त्यांना नानांचा चेहरा दिसत नव्हता, ताटातला भात दिसत नव्हता. लेक सासरी गेली तेव्हा आईला सोबत म्हणून ही टाकी ठेवून गेली होती, तीही काकींना नुसती ओल्या काचेची पेटी होती. एके दुपारी खिडकीतून ऊन थेट टाकीत शिरलं आणि काकी ओरडल्या, "आवं, लाल लाल काय हाललं हो!" तो टाकीतला लाल मासा होता. नाना जेवणावरून उठून आले. काकी हसत होत्या म्हणे, कितीतरी दिवसांनी.

ऊन सरकलं आणि लाल गेलं. ते परत आणायचं एवढंच नानांनी मनावर घेतलं.

त्यामागे आणखी एक गोष्ट होती. ती त्यांनी मला एकदाच सांगितली. तरुणपणी दोघं मिठागरावर कामाला होती. पुढे मिठागरं बुजवून तिथं कंटेनर यार्डं आली आणि नाना ट्रेलर चालवू लागले, पण त्याआधीची सगळी वर्षं काकी भर उन्हात पांढऱ्याफेक मिठावर वाकून होत्या. डॉक्टर म्हणतात, डोळ्याच्या शिरेचा आजार आहे, मिठाचा काही संबंध नाही. नानांना ते पटत नाही. "मीच तिला आगरावर नेली," ते म्हणाले. "उजेडानंच डोले खाल्ले तिचे. आता उजेडानंच भरून द्याला पायजे." मी त्यांना कॅमेऱ्यानं टाकीतला उजेड मोजून दिला.

रोज दुपारी नवा रिफ्लेक्टर बसवला जाई. काकी खुर्चीत, नाक जवळजवळ काचेला लावून. नाना झाकण धरून उभे. "दिसला का गो?" "दिसला." "कसा दिसला?" "कालच्यापेक्षा बरा." मग नानांच्या चेहऱ्यावर दिवाळी, आणि लगेच दुसऱ्या रिफ्लेक्टरची तयारी, कारण कालच्यापेक्षा बरा म्हणजे अजून पुरता नाही.

श्रावणात हवा दमट झाली आणि झाकणात पाण्याचे थेंब धरायला लागले. चांदीच्या पट्ट्या सुटू लागल्या, माझी पाकळीसुद्धा काळवंडली. नानांनी त्यावर उपाय काढला. मीठ ओल खेचतं, हे त्यांना जन्मापासून ठाऊक. बंद झालेल्या मिठागरातलं शेवटचं जाडं मीठ त्यांनी माळ्यावर जपून ठेवलं होतं. त्याच्या कापडी पुरचुंड्या करून त्यांनी झाकणात दिव्याच्या दोन्ही बाजूंना टांगल्या. मी म्हटलं, "नाना, खाली गोडं पाणी आहे." तर म्हणाले, "आमचं घरचं मीठ हाय. घात न्हाय करायचं."

पावसाळ्यात मीठ पाझरतं, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून तर मिठाची बरणी चुलीजवळ ठेवतात. ज्यांचं निम्मं आयुष्य मिठात गेलं त्या नानांना ते आठवलं नाही. त्यांचं सगळं लक्ष पट्ट्या कोरड्या राहतात की नाही याकडे होतं.

मी म्हसळ्याला एका साखरपुड्याचे फोटो काढायला गेलो होतो. परत आलो तर नाना दारातच उभे. "जरा ये," एवढंच म्हणाले. टाकीतले सगळे मासे पोट वर करून तरंगत होते, लाल मासाही. पुरचुंड्या ओल्याचिंब होऊन ठिबकत होत्या. नानांनी पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मिठागरावर पाणी किती तयार झालंय ते असंच बघतात. बराच वेळ त्यांनी बोट तोंडातून काढलं नाही. मग म्हणाले, "आगराचं पानी झालंय."

काकी मोरीत आंघोळ करत होत्या. आम्ही घाईघाईनं मासे गाळणीनं काढून वर्तमानपत्रात गुंडाळले. नाना म्हणाले, "आज न्हाय सांगत. आत्ताच पनवेलला जातंय, तसलाच आनतंय." तेवढ्यात काकी भिंत चाचपत बाहेर आल्या आणि सवयीनं खुर्चीत बसल्या. "आवं, दिवा लावा ना," त्या म्हणाल्या.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. न लावावा तर काय सांगणार? त्यांनी बटण दाबलं. रिकामी टाकी लख्ख उजळली. इतका स्वच्छ उजेड त्या टाकीत मी कधी पाहिला नव्हता, तळातला खडा न् खडा दिसत होता. मासा मात्र एकही नव्हता. मला वाटलं, आता काकी विचारणार, लाल कुठं गेला?

काकी काचेजवळ वाकल्या. नाना काही विचारेनात, तेव्हा त्या आपणहूनच म्हणाल्या, "दिसतोय हां. आज तर लय चांगला दिसतोय. कसा फिरतोय बघा."

नाना झाकणावर हात ठेवून उभे होते. त्यांच्या दुसऱ्या हातात वर्तमानपत्राची पुडी होती. काकींना किती दिवसांपासून काहीच दिसत नव्हतं कोण जाणे. नाना पत्रावळ्या धूत होते, पट्ट्या चिकटवत होते, आणि काकी रोज दुपारी त्यांना "दिसला" म्हणत होत्या.

"व्हय," नाना म्हणाले. त्यांचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. "खाऊन तट्ट झालाय, म्हनून फिरतोय."

काकी हसल्या. नाना पुडी घेऊन अंगणात आले. मीही मागोमाग आलो. नारळाच्या बुंध्याशी त्यांनी खुरप्यानं खड्डा केला, पुडी आत ठेवली, माती ओढली आणि पायानं दाबली. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "नाना, चला, माझ्या गाडीवरून पनवेलला जाऊ."

"जाऊ," ते म्हणाले. गाडीवर मागे बसताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दाराकडे बघून आवाज खाली आणला. "फोटोवाल्या, मला कललंय, ह्ये तिला कलू देऊ नको."