सोनार नसलेलं जंगल

मुलांनो, आधी माफी मागतो. माझी शाळा सातवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घाशी माझं तेव्हापासून बोलणं नाही. शब्दही घरात वापरायचेच येतात. कुठे चुकलं तर बाईंना सांगू नका. तुम्हीच मनातल्या मनात नीट करून वाचा.

एका जंगलात सगळे कारागीर होते. सुतार पक्षी होता, शिंपी पक्षी होता. कोळी होता, धोबी पक्षी होता, कुंभारीण माशी होती. खाटीक पक्षीही होता, पण त्याच्याशी कुणी फार बोलत नसे. सोनार मात्र नव्हता. जंगलात सोनंच नव्हतं, त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं.

त्या जंगलात एका वारुळाच्या आडोशाला मुंगूसराव आणि मुंगूसबाई राहत. त्यांना नवसाने एकच पिल्लू झालं होतं. तिचं नाव ठुमकी. तिचे डोळे गुंजेसारखे लाल आणि चकचकीत होते. मुंगसाचं सगळं डोळ्यांवर असतं. साप इकडून झेपावला की तिकडे उडी. डोळा चुकला की मुंगूस गेलं.

जंगलात ठिपका नावाचा आजार होता. पिल्लाला पुरत्या मिशा फुटेपर्यंत त्याची भीती असायची. आधी ताप यायचा. मग अंगावर ठिपके उठायचे. मग डोळे चिकटायचे. काही पिल्लांचे पुन्हा उघडत, काहींचे उघडत नसत. काही पिल्लं तोवर थांबतच नसत.

त्यावर साळूताईकडे लस होती. साळूताई म्हणजे साळिंदर. पाठीवरचा एक काटा काढायचा, औषधात बुडवायचा आणि पिल्लाच्या मांडीला टोचायचा, एवढंच तिचं काम. एका सकाळी ती मुंगसांच्या दारात आली.

"ठुमकीची वेळ झाली, दादा. आणा तिला."

"दुखेल का?" मुंगूसरावांनी विचारलं.

"दुखेल."

"ताप येईल?"

"येईल एखादा दिवस. रडेलसुद्धा. पण ठिपका झाला तर—"

मुलांनो, साळूताईचं इथेच चुकलं. तिने खरं सांगितलं.

"विचार करून कळवतो," मुंगूसराव म्हणाले आणि विचार करायला वडाखाली गेले. मुंगूसबाई ठुमकीला तोंडात धरून मागोमाग गेल्या.

वडाखाली कासवआजोबा होते. ते म्हणाले, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मला बघ. दीडशे वर्षं झाली, एक काटा टोचलेला नाही."

मुंगूसबाईंनी ठुमकीला खाली ठेवलं. "आजोबा, तुम्ही भावंडं किती?"

"चाळीसेक असू."

"मग बाकीची कुठेत?"

"आता ती काय मला भेटायला येणार आहेत?" असं म्हणून कासवआजोबांनी मान आत घेतली.

फांदीवर बिबट्या पसरला होता. तो म्हणाला, "ठिपक्यांना काय घाबरता? माझ्या अंगावर जन्मापासून आहेत. उलट रुबाब वाढतो."

मुंगूसरावांना हे पटलं. बिबट्याचं बोलणं फांदीखाली बसलेल्याला लगेच पटतं.

इतक्यात टिटवी ओरडत आली. "ऐकलंत का, ऐकलंत का? नदीपलीकडे एका पिल्लाला लस टोचली, आणि त्याच्या सगळ्या अंगावर काटे उगवले!"

हे ऐकून सगळ्यांच्या अंगावर काटा आला. म्हणजे बातमी खरीच असणार.

"कुणाचं पिल्लू होतं, गं?" मुंगूसबाईंनी विचारलं.

"साळिंदराचं," टिटवी म्हणाली आणि पुढच्या झाडाला सांगायला गेली.

घरी आल्यावर मुंगूसराव म्हणाले, "हे बघ, मी लशीच्या विरुद्ध नाही. पण ज्या त्या कामाला योग्य हात लागतो. आपल्यात म्हणच आहे, सोनारानेच कान टोचावेत."

"अहो, तो कान. ही मांडी आहे."

"टोचणं ते टोचणं."

"आणि सोनार आहे कुठे जंगलात?"

"नाही ना? म्हणूनच थांबायचं."

मुंगूसबाई उठल्या. त्या उंबराखाली गेल्या. उंबरावर तांबट पक्षी राहायचा. दिवसभर टुक टुक करायचा.

"भाऊ, तू सोनारांच्या भाऊबंदांतलाच ना?"

"मी नुसता आवाज करतो, बाई. आजवर साधी वाटी घडवलेली नाही."

"तरी चल. तू फक्त शेजारी बस. टोचेल साळूताई."

तांबट बिचारा आला. मुंगूसरावांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"हा तांब्याचा माणूस. माझी पोरगी म्हणजे काय घागर आहे?"

तांबट परत गेला. साळूताईही पुढच्या घरी गेली. शेजारी सशीण राहायची. तिच्या बिळातली सगळी पिल्लं टोचून झाली. खारीची झाली, भेकराची झाली. त्या रात्री आसपास एवढा रडण्याचा गलका झाला की मुंगूसरावांची झोपमोड झाली.

"बघ," ते म्हणाले. "आपली कशी शांत झोपलीय."

मग ठिपका आला. नदी ओलांडून थेट सशिणीच्या बिळात शिरला. तिथली पिल्लं टोचलेली. खारीच्या ढोलीत गेला. टोचलेली. भेकराच्या जाळीत गेला, तिथेही तेच. मुंगसांच्या घराभोवती सगळीच टोचलेली. ठुमकीपर्यंत जायला त्याला वाट मिळेना. कंटाळून तो परत गेला.

मुंगूसराव वारुळावर उभे राहिले. "पाहिलंत? एक काटा न टोचता माझी पोर ठणठणीत आहे."

सशिणीच्या डोळ्यांवर अजून जागरण होतं. "म्हणजे आमची पोरं उगाच रडली, भावजी?"

"मी कशाला बोलू," मुंगूसराव नम्रपणे म्हणाले.

त्या दिवसापासून मुंगूसरावांना मान आला. पिल्लांचं काही विचारायचं असलं की प्राणी वारुळापाशी येत. ते सगळ्यांना एकच सांगत, सोनाराची वाट बघा.

पुढच्या मोसमात सशिणीला नवी पिल्लं झाली. खारीला झाली, भेकरालाही झाली. ठुमकीला अजून मिशा फुटायच्या होत्या. साळूताई दारोदार फिरली.

"सोनार आला की बघू," सशीण म्हणाली.

"सोनार आला की बघू," खार म्हणाली.

मुंगूसरावांनी तर दारच उघडलं नाही. मुंगूसबाई मागच्या बाजूने बाहेर पडेपर्यंत साळूताई निघून गेली होती. दारात तिचा काटा पडला होता, त्यावरचं औषध वाळून गेलं होतं.

या वेळी ठिपक्याला वाट विचारावी लागली नाही.

ठुमकीला ताप आला. अंगावर ठिपके उठले. डोळे चिकटले. मुंगूसबाई दवात भिजलेल्या पानाने ते पुसत बसायच्या.

"आई, सकाळ झाली?"

"झाली, बाळा."

"मग अंधार का आहे?"

मुंगूसराव बाहेर गेले. तिथे त्यांना टिटवी भेटली, पण तिच्याकडे त्या दिवशी काही बातमी नव्हती. कासवआजोबांची मान आतच होती. बिबट्या म्हणाला, "माझे ठिपके वेगळे."

सशिणीच्या बिळात खेळायला खूप मोकळी जागा झाली.

काही दिवसांनी ठुमकीचा ताप उतरला. उजवा डोळा उघडला. डावा उघडला नाही.

मुंगूसरावांनी मोठा श्वास सोडला. "काळ आला होता, पण वेळ आली नव्हती."

"वेळ आली होती," मुंगूसबाई म्हणाल्या. "दोनदा दारात आली होती. तुम्ही तिला विचारलंत, तू सोनार आहेस का?"

तेव्हापासून ठुमकी कुठेही निघाली की मुंगूसराव तिच्या डाव्या बाजूने चालतात. तिकडून साप आला तर ते ओरडून सांगतात. आधी वडाखाली जाऊन विचार करत नाहीत.

तात्पर्य: मुलांनो, लस नेहमी शेजाऱ्याच्या पोराला वेळेवर टोचावी. म्हणजे आपल्या पोराला दुखत नाही, ताप येत नाही आणि आपल्याला वारुळावर उभं राहता येतं. फक्त शेजारी आपलं ऐकून शहाणा होणार नाही, एवढी काळजी घ्यावी.

ही गोष्ट मी काल लिहिली. मला नऊ महिन्यांची मुलगी आहे. तिच्या लशीचं घरात बरेच दिवस नुसतं बोलणं चाललं होतं. मोठ्यांपुढे माझा आवाज फुटत नाही, म्हणून कागदावर बोललो.

आज सकाळी मी तिला टोपडं घातलं. काका ओसरीवर होते. म्हणाले, "एवढी कसली घाई? दात तरी येऊ देत." मी चपला घातल्या आणि तिला घेऊन दवाखान्याकडे निघालो.

वाटेत सोनाराचं दुकान लागलं. अजून उघडलं नव्हतं. आम्ही थांबलो नाही.