आष्टीच्या बारक्या कांद्याची फत्ते

श्री कुलस्वामिनी समर्थ. आष्टीकर कडूबा यांनी परतूरच्या कृषिप्रदर्शनावर बारक्या कांद्याची मोहीम नेली, तियेची हकीकत ऐसी जे, विहिरीकाठच्या वाफ्यात त्यांच्या मातोश्रींनी राखिलेला गावरान लाल कांदा होता. कंद हेच बेणे. एक लावावा आणि घोसच्या घोस उपटावा. आकार सुपारीहून किंचित थोर, परंतु बडेबडे सरदार रडवील ऐसा तिखट. गावाने मोठा संकरित कांदा धरिला आणि हे बेणे एकट्या कडूबांपाशी उरले. आपल्यामागे वाण बुडणार, ही चिंता त्यांस खाई. मग मसलत ठरली की प्रदर्शनात पहिला नंबर मारावा, म्हणजे मुलूख आपसूक बेणे मागत दारी येईल.

मग निवडक कंद काढोन, पातीची वेणी घालोन, कीड लागू नये म्हणोन जुन्या शिरस्त्याप्रमाणे चुलीवर धुरात टांगिली. येथेच मातबर सरदार चुकला. चुलीवरचा मुलूख कडूबांचे कुटुंब, मुदपाकखान्याच्या सुभेदार झुंबरबाई यांचा. तेथे जे लटके ते सरकारजमा. आणि प्रदर्शनाच्या आदले दिवशी वाटूरहून लेकीच्या सासू तुळजाबाई यांची स्वारी अचानक दाखल जाहली. झुंबरबाईंनी हुकूम फर्माविला की येसराची, म्हणजे भाजल्या धान्यमसाल्याच्या पिठाची, आमटी व्हावी, आणि अख्खी वेणी आमटीत कामी आली.

कडूबा शेतातून येऊन पाहतात तो नुसती वाळली पात लोंबते. त्यांचे अवसान गळाले. म्हणाले, "अगं, परदर्शनाचे कांदे व्हते ते!"

"मंग चुलीवर कामून टांगले? ईहीन आली, तिला काय नुसतं पिठलं वाढू?"

ही तोफ डागोन झुंबरबाईंनी ताट वाढिले. सरदार पाटावर बसले आणि रागाच्या भरात आमटी अंमळ जास्तच रिचविली.

दुसरे दिवशी उरलेसुरले कंद परातीत मांडोन स्वारी परतुरास पोचली. गावरान कांद्याच्या मैदानी दुसरा शत्रू आलाच नाही. तथापि पंचांनी चष्मे लावोन बहुत खल केला आणि फैसला दिला की वाण उत्तम, परंतु कांदा लहान राहिला, सबब पहिला नंबर राखून ठेवावा, दुसरा कडूबांस द्यावा. शाल मिळाली, नारळ मिळाला. तरण्या मंडळींनी परातीशी सेल्फी काढिल्या आणि ती पुढील मंडपी ड्रोन पाहावयास गेली. बेणे कोणी मागितले नाही. कडूबा भर गर्दीत एकटे पडले आणि परात उचलोन माघारी फिरले.

घरी तुळजाबाई पिशवी घेऊन ओसरीवर बसल्या होत्या. पदर सावरोन म्हणाल्या, "पाव्हणं, कवाची वाट पाहून राह्यले मी. कालच्या आमटीतल्या कांद्याचं बेणं द्या मला. वाफा तयार हाये."

कडूबांनी अवघी परात त्या पिशवीत रिती केली आणि वर नारळ ठेविला.

येणेप्रमाणे आष्टीचा कांदा वाटूर प्रांती रवाना जाहला आणि मोहीम फत्ते पावली. पंचांस कळविण्याचे काही प्रयोजन उरले नाही.