थांबा अक्का, मिशी चालू हाय

कुणी वाचलंच तर माझं शुद्धलेखन आणि वाकडं अक्षर पोटात घाला. चौथीनंतर शाळा सुटली. पण शेजारच्या नरसय्यामामांबद्दल कुठंतरी लिहून ठेवावं, असं फार दिवस मनात होतं.

मामा दुसऱ्यांच्या दोरीवरचे कपडे तपासतात. माझ्या ओल्या साडीवर पांढरा रुमाल घासून म्हणतात, "कच्चा रंग हाय, अक्का. फसवलं तुमाला." जन्म टॉवेलच्या कारखान्यात सूत रंगवण्यात गेला, त्याची ही सवय.

आता ते प्लास्टिकचे शिपाई रंगवतात. बोटाच्या दोन पेरांएवढे, युरोपातल्या जुन्या लढायांमधले. टेबलावर दोन फौजा मांडायच्या, टेपनं मोजून पुढं सरकवायच्या आणि कोण पडलं ते फासे टाकून ठरवायचं. मुलानं, व्यंकटेशनं, त्यांना हा खेळ शिकवला. मामांचे फ्रेंच, त्याचे इंग्रज. रंग न दिलेला शिपाई टेबलावर येत नाही, आणि ज्याची फौज त्यानंच रंगवायची. हा दुसरा नियम मामांचा स्वतःचा.

काम करताना ते श्वास रोखतात. मी कडी वाजवली की आतून ओरडतात, "थांबा अक्का, मिशी चालू हाय!" शिपायालाही दम असतो, "मान सरळ ठेव बे." मग सगळी पलटण गच्चीवर उन्हात. "सोलापूरच्या उन्हात टिकला तर लढाईत टिकंल." एकदा कावळ्यानं नगारेवाला उचलला, तर मामा चार गल्ल्या त्याच्यामागं पळाले.

व्यंकटेश जर्मनीला गेला तेव्हा त्याचे नऊ इंग्रज रंगवायचे राहिले. "दिवाळीला येऊन संपवतो," म्हणाला. तीन दिवाळ्या झाल्या. मामा आपल्याच फ्रेंचांचे कोट पुन्हा पुन्हा रंगवत बसले.

मी एकदा म्हटलं, "ते नऊ तुम्हीच रंगवून टाका की, मामा."

"मग तो कशाला यील, अक्का?"



गेल्या रविवारी डाळ द्यायला गेले, तेव्हा त्यांचा फोन चालू होता. मामांना कमी ऐकू येतं, म्हणून आवाज मोठा. व्यंकटेश सांगत होता, "नाना, इकडं घर घेतलंय. यंदाही जमणार नाही. ते शिपाई कुणाला तरी देऊन टाका."

"बरं की," मामा म्हणाले. "थंडी लई हाय का रं तितं?"

दुसऱ्या दिवशी ते डबा घेऊन माझ्या दारात उभे. "तुमचा हात शिवणाचा हाय, अक्का. हे नऊ तुमी रंगवा. माझ्यानं होईना."

मला चार दिवस लागले. एकाची मिशी गालावर गेली. मामांनी भिंग लावून पाहिलं. "राहू द्या. जखमी दिसतोय."

मग त्यांनी टेबल मांडलं. एका कडेला फ्रेंच, एका कडेला इंग्रज. मला व्यंकटेशच्या खुर्चीत बसवलं आणि फासे दिले. मामा टेप धरून नुसतेच उभे राहिले.

"टाकू का, मामा?"

"नको. लई दिसांनी समोर फौज आलीय. आज नुसती बघू द्या की."

मी फासे मुठीतच ठेवले.