गुंडप्पा मास्तरांचा पेरू देश

ईट गावच्या शाळेत गुंडप्पा मास्तर भूगोलाच्या तासाला हजेरी घेत नसत. उतरत्या लांबीच्या सात वेळूच्या नळ्या त्यांनी एकत्र बांधल्या होत्या. त्या ओठांना लावून जोरात फुंकत. पोरं दचकून जागी होत. मग मास्तर सांगत, "पेरू देशातले मेंढके असंच वाजवतात."

मी त्याच शाळेत गणित शिकवायचो. निजामाचं राज्य होतं. आमची धाव फार तर सोलापूरपर्यंत. मास्तर मात्र एकदा हैदराबादला गेले आणि कुण्या गोऱ्या इंजिनिअरच्या बंगल्यावर अँडीज पर्वतातल्या गाण्यांची तबकडी ऐकून आले. एकदाच. तेवढ्यावर त्यांनी चार अंकी संगीत नाटक रचलं. सूर घसरला म्हटलं की उत्तर ठरलेलं, "अँडीजमधी असंच असतंय." तपासायला जाणार कोण?

नाटकाला परवानगी लागे. पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांनी अर्ज वाचला.

"पेरू? जाम का नाटक?" त्यांच्या बोलीत पेरूच्या फळाला जाम म्हणत.

"देश हाय, साहेब."

"उसमें बगावत तो नहीं?"

"न्हाय, साहेब. मेंढरं हायती."

मेंढरांवर सरकारचा पूर्ण भरवसा होता. परवानगी मिळाली, अट एकच, दिवस मावळायच्या आत उरका.

लामा नावाच्या लांब मानेच्या जनावराचं काम आमचे चपराशी रहीमभाई घोंगडी पांघरून करत होते. पहिल्याच अंकात गावातली कुत्री लामाच्या मागं लागली. लामा ओढ्याकडं पळाला आणि प्रेक्षकांनी त्यालाच वन्स मोअर दिला. दुसऱ्या अंकापर्यंत मैदान मोकळं झालं. शेवटपर्यंत बसल्या फक्त मास्तरांच्या पत्नी सुगलाबाई. त्यांचे दोन्ही कान तापात गेलेले.

"म्हणूनच टिकल्या," मी म्हणालो. बाकीचे मास्तर पोट धरून हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरांचं सांत्वन करायला, म्हणजे खरं तर गंमत बघायला, त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. मास्तर कालच्या नाटकाचा तिसरा अंक सावकाश वाजवत होते. समोर सुगलाबाई डोळे मिटून बसलेल्या. सगळ्यात लांब नळी त्यांनी दोन्ही तळव्यांत धरली होती. नळीतली थरथर त्यांच्या बोटांत उतरत होती.

"मेंढरं घाटावर चढली आता. व्हय ना?" त्या डोळे उघडून, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या.

मास्तरांनी मान डोलावली.

"आन् ती मेंढी एकलीच राह्यली खाली."

मास्तर थांबले. त्यांनी सुगलाबाईंच्या डोईवरून हात फिरवला आणि पुन्हा वाजवायला घेतलं, आधीपेक्षाही हळू.

मी आत गेलो नाही. चपला काढल्या आणि तिसरा अंक संपेपर्यंत पायरीवर बसून राहिलो.