जोडे घातलेलं अक्षर

तुमच्या दारावरच्या पाटीतलं तुमचं नाव उभं आहे की लोंबकळतंय?

शकूमावशींनी मला पहिल्यांदा हाच प्रश्न विचारला होता. मी म्हणालो, "स्क्रू घट्ट आहेत." त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी तोवर फक्त सत्ताधाऱ्यांसाठी राखून ठेवली होती.

शकूमावशी माझ्या आईच्या जुन्या मैत्रीण. गंगापूर रोडला राहतात, एकट्याच. नोकरी सिन्नरला, गोण्यांच्या कारखान्यात केली. लासलगावच्या व्यापाऱ्यांची नावं कांद्याच्या गोण्यांवर छापायची असत, ती अक्षरं मावशी काढायच्या. गोणीवर बारीक रेघ टिकत नाही. शाई पसरली की 'ब'चं पोट बुजतं. म्हणून त्यांनी रेघा जाड केल्या, पोटं मोकळी ठेवली आणि प्रत्येक उभ्या दांडीखाली एक पसरट पाय जोडला. त्याला त्या 'जोडे' म्हणतात.

"आपली अक्षरं वरच्या रेघेला वाळत घातलेली असतात रे. मी त्यांना जोडे घालून जमिनीवर आणलं."

निवृत्त झाल्यावर त्यांनी संगणक शिकून या अक्षरांचा फॉन्ट केला आणि मग जगाला जोडे घालत सुटल्या. लग्नाला गेल्या की नवरा-नवरीआधी फलक बघतात. एकदा चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससमोर बराच वेळ उभ्या होत्या. मला वाटलं, ओळखीचं कुणी गेलं. तर म्हणाल्या, "गेलेल्या माणसाच्या कानात इतकं कशाला ओरडायचं?"

आता माझ्याविषयी थोडं. आमच्या घरी अंगाईच्या जागी घोषणा होत्या. वडिलांच्या पत्रकांच्या घड्या घालताना मी वाचायला शिकलो. त्यामुळे हळू आवाजात पाणी मागितलं तरी मला तडजोड केल्यासारखं वाटतं. माझं पहिलं पत्रक मी मावशींना दाखवलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत जाड अक्षरात.

"हे काय आहे?"

"जनतेचा आक्रोश आहे, मावशी."

"सगळेच आक्रोश करतायत. ऐकतंय कोण मग? जाड अक्षर हाक मारायला असतं, गप्पा मारायला नाही. एक ओळ जाड घे. बाकीचं माणसासारखं बोल."

ती एक ओळ त्यांनी करून दिली. फुकट. अट एकच, फॉन्टची फाईल मिळणार नाही. क्लासची पाटी असो, रसवंतीचा फलक असो, मजकूर घेऊन यायचं, शेजारच्या खुर्चीत बसायचं, मग अक्षरं लावायची. दोन अक्षरांमधलं अंतर त्या इतका वेळ सरकवतात की चहा होतो, चिवडा होतो, समोरच्याच्या घरातली भांडणंही सांगून होतात.

मला ही अट तत्त्वाला धरून वाटेना. अक्षर जनतेचं, आणि ते एका फ्लॅटमध्ये कोंडलेलं? मी पत्रक लिहायला घेतलं, 'अक्षर मुक्त करा'. मजकूर जळजळीत झाला. मथळा मात्र साध्या फॉन्टमध्ये अगदीच केविलवाणा दिसत होता. त्याला जोडे हवे होते. मग काय करणार? गेलो मावशींकडे.

"कोणाविरुद्ध आहे?" त्यांनी चष्मा लावत विचारलं.

"मक्तेदारांविरुद्ध."

"नाशिकचेच का?"

"गंगापूर रोडचे."

"मग मोठं घेऊ. लांबून वाचता यायला हवं त्यांना."

त्यांनी 'मुक्त'चा क्त पुन्हा पुन्हा सरकवला. मग खालचा सगळा मजकूर शांतपणे वाचला. मी चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसलो. क्रांतिकारकाने अशा वेळी काय करावं हे कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नाही.

मावशी उठल्या, पेन ड्राइव्ह घेऊन आल्या. "घे. मुक्त कर." मी दारात चपला घालत होतो, तेव्हा म्हणाल्या, "फक्त ळ राहिलाय. तो मला जमतच नाही बघ. लागला तर ये, तेव्हा काढू."

मी विजयी मुद्रेने निघालो. घरी जाऊन पहिला शब्द टाइप केला, 'ठळक'. मधोमध रिकामा चौकोन. जाड अक्षराला स्वतःचं नावही लिहिता येईना. मावशींना खरंच जमला नसेल, असं मला संध्याकाळपर्यंत वाटत होतं. संध्याकाळी गिरणीत गेलो. वर मावशींनीच करून दिलेली पाटी, 'येथे दळण दळून मिळेल'. एक सोडून तीन ळ. गोल पोटांचे, पायात जोडे घातलेले, त्या पाटीतले सगळ्यात देखणे. दळण घेऊन मी तिथेच उभा राहिलो. गिरणीवाला म्हणाला, "काही राहिलं का, दादा?"

ते पत्रक मी छापलं नाही. फॉन्टही कुणाला दिलेला नाही. मागच्या आठवड्यात आमच्या सभेचा मथळा ठरला, 'वाचनालय बंद होऊ देणार नाही'. मी हट्टाने तो बदलायला लावला, 'वाचनालयाला टाळं लागू देणार नाही'. कार्यकर्त्यांना वाटलं, माझी भाषा आणखी धारदार झाली. मी मावशींकडे गेलो. त्यांनी कागद पुढे ओढला, पेन्सिलीने ळ काढला, खोडला, पुन्हा काढला.

"आज जमेलसं वाटतंय," त्या म्हणाल्या. "तू बस, चहा टाकते."

तर वाचकहो, तुमच्या नावात, आडनावात, दुकानाच्या पाटीत कुठे ळ असेल, तर गंगापूर रोडला शकूमावशींकडे जा. फोन करून फाईल मागू नका. स्वतः जा, आणि पहिला ळ त्यांनी खोडला, तर दुसरा निघेपर्यंत उठू नका.