राउटरला बूट होईना

एका जंगलात, बाळांनो, वाघाची चौकशी कुणी करत नसे. सगळे राउटरची करत. "चालू आहे ना हो आज?"

हा राउटर होता चंपूताई साळिंदरीच्या बिळात. त्या दिवशी ताईंची लेक टोचणी हिला नदीपलीकडची मंडळी व्हिडिओवर बघणार होती. संध्याकाळी मुलगी दिसली नाही, तर ती मंडळी पुढच्या डोंगरातलं स्थळ पक्कं करणार होती.

म्हणून ताईंनी सकाळीच पिन काढून राउटर पुसला. कुंकू लावलं. दृष्ट नको म्हणून तारेत ओवलेली लिंबू-मिरची त्याच्या पाठीला अडकवली. तारेचं टोक मागच्या बारीक भोकात अगदी फिट्ट बसलं. मग पिन लावली.

दिवा लाल! लुकलुकला, विझला, पुन्हा लुकलुकला.

"अगं बाई! माझ्या टोचणीचं कसं होणार?"

कावळेराव टॉवरवरच्या घुबडसाहेबांकडे उडाले. साहेब डोळे मिटूनच म्हणाले, "राउटर बूट होत नाहीये. म्हणजे सुरू व्हायला जातो आणि मध्येच अडकतो. मागच्या भोकातलं बटण दाबलेलं राहिलं असेल. काय अडकलंय ते काढा आणि पिन पुन्हा लावा."

परत येताना कावळेरावांना वाटेत शेवेचा पुडा दिसला. पुडा संपेपर्यंत निरोपातलं पहिलंच वाक्य शिल्लक राहिलं.

"ताई, साहेब म्हणाले, त्याला बूट होत नाही."

"इतकंच ना!" शेजारचे मुंगूसशेठ उठले. त्यांचं चपलांचं दुकान. बाळांनो, दुकानदाराला लोकांची अडचण लवकर कळते.

शेठनी सशाचा बूट आणला. राउटर आत शिरेना.

"बघा, खरंच होत नाही!" कावळेराव म्हणाले. "साहेब उगाच बोलत नाहीत."

"घाबरता काय? अस्वलाचं माप आहे की."

अस्वलाचा बूट आला. वायर आड यायला लागली, म्हणून शेठनी पिन काढली. लिंबू-मिरची अडकायला लागली, म्हणून ताईंनी ती काढली. राउटर सरकन आत बसला. पिन लावली.

दिवा हिरवा!

संध्याकाळी नदीपलीकडच्या सासूबाईंनी मुलगी पाहिली. मागे बुटातला राउटरही पाहिला. "ज्या घरात डब्यालासुद्धा बूट, तिथे आपल्या बबन्याचे लाड होणारच. मुलगी पसंत!"

टाळ्या वाजत असताना कावळेराव ओरडले, "अरे हो! साहेब म्हणाले होते, मागे काही अडकलं असेल तर काढा!"

"आता कशाला हो?" ताई म्हणाल्या. "बूट बसला की व्यवस्थित." आणि लिंबू-मिरची त्यांनी बुटाच्या नाडीला बांधली.

दुसऱ्या दिवशी मुंगूसशेठच्या दारात रांग लागली. कुणी फ्रिजसाठी सँडल मागत होतं, कुणी मिक्सरसाठी मोजे.

तात्पर्य: बाळांनो, निरोप नेहमी अर्धाच ऐकावा. पूर्ण ऐकला असता, तर राउटर तेव्हाही सुरू झाला असता. पण लग्न जमलं नसतं आणि बूटही खपला नसता.